आहेराबरोबर पावतीही द्या

भेटवस्तूवरची किंमत नखाने खरवडून काढायची आणि पावती आपल्याच खिशात ठेवायची, ही आपल्याकडे सभ्यता समजली जाते. या सभ्यतेचा खरा लाभ होतो तो दुकानदाराला, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकाच लग्नात भिंतीवरची चार घड्याळे आली, तर नकोशी तीन परत घेण्याची सक्ती कायदा दुकानदारावर करीत नाही. तो त्याच्या मर्जीचा प्रश्न. आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. परंतु घड्याळ बंदच निघाले तर? तेथे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी लंगडी पडते. सदोष माल परत घेऊन पावतीवरील मुदतीत, मुदत छापलेली नसल्यास ३० दिवसांत, पैसे देण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणे हीसुद्धा! शिवाय खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. म्हणजे आहेर मिळालेले नवरानवरीही तक्रार करू शकतात.

पण पावती कोठे आहे? मामांच्या खिशात! आणि "मामा, तुमचे घड्याळ चालत नाही हो," असे सांगण्याची छाती कोणाची? मग ते घड्याळ नव्या कागदात गुंडाळून पुढच्या लग्नाला निघते.

पावती दिली की किंमत उघडी पडते, असे कोणी म्हणेल. आहेराची वही ठेवणाऱ्या आपल्या समाजाला हा संकोच शोभतो काय? यंदाच्या निरोप समारंभात प्राध्यापकांना द्यावयाच्या भेटीच्या खोक्यात मी पावती ठेवणार आहे. गुरुजनांनी राग मानू नये.