भात शिजला तरी आच मोठीच?

मंडळी, जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने भुलीच्या वायूवर लिहावं म्हणजे लुडबुडच. पण मागच्या महिन्यात हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं (आता बरी आहे, काळजी नसावी) आणि बिलात 'भुलीची औषधं' या एका ओळीपुढे भला मोठा आकडा दिसला. तपशील शून्य. भाची भूलतज्ज्ञ आहे, तिला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, आकडा सोडा. फ्लो किती ठेवला होता ते विचारा."

तिथून माझी शाळा सुरू झाली.

ऑक्सिजन आणि हवा मिनिटाला अमुक लिटर अशी सोडतात. ती व्हेपोरायझरमधून जाताना भुलीच्या औषधाची वाफ सोबत घेते. रुग्णाच्या उच्छ्वासात यातलं बरंच औषध जसंच्या तसं परत येतं. चक्राकार सर्किट असेल तर सोडा लाइम त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि बाकीचा वायू पुन्हा रुग्णाकडे जातो. पण वरून ताजा वायू धो धो सोडला, तर तेवढाच वापरण्याजोगा वायू नळीवाटे बाहेर!

सुरुवातीला फ्लो जास्तच लागतो, नाहीतर औषधाचं प्रमाण लवकर चढत नाही. भाताला उकळी येईपर्यंत आच मोठी ठेवतो, तसं. पण उकळी आल्यावर आच बारीक करायची हे आमच्या आईला चुलीवरही कळत होतं.

भाचीने एक ठोकताळा दिला: लिटर गुणिले टक्के गुणिले ३ म्हणजे ताशी मिलिलिटर. सेव्होफ्लुरेन २ टक्के आणि फ्लो ६ लिटर, तर तासाला ३६ मिलिलिटर. फ्लो १ लिटर केला की तेवढीच भूल टिकवायला डायल थोडा वर न्यावा लागतो. अडीच टक्के धरा, तरी साडेसात. म्हणजे २५० मिलिलिटरची बाटली एकीकडे ७ तासांत खलास, दुसरीकडे ३३ तास पुरते. गणितात मी कच्चा, पण एवढं कळतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "रुग्णाच्या जिवापुढे दोन पैसे काय?" अहो, भूल कमी द्या असं म्हणतंय कोण? भूल तेवढीच, वाया जाणं कमी. शिवाय फिरून येणारा वायू कोमट आणि दमट असतो, ते फुफ्फुसांना बरंच.

आता न्यायाने बोलायचं तर लहान दवाखान्यांतल्या जुन्या बॉइल्स मशीनला बेन सर्किट जोडलेलं असतं. त्यात सोडा लाइम नाही. फ्लो कमी केला तर रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढेल. तिथे जास्त फ्लो हवाच. आणि कमी फ्लोवर डायलवरचा आकडा व रुग्णापर्यंत पोचणारं प्रमाण यांत फरक पडतो, म्हणून ऑक्सिजन आणि औषध मोजणारा मॉनिटर लागतो. ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्यावर माझा राग नाही. सगळी यंत्रं असून नॉब फिरवायचा कंटाळा करणाऱ्यांवर आहे.

बरं, हा बाहेर गेलेला वायू जातो कुठे? आकाशात. आमच्या भिवंडीत सायझिंगच्या बॉयलरचा धूर दिसतो, म्हणून त्याविरुद्ध बोलता येतं. हा दिसतच नाही. डेसफ्लुरेन हे औषध तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट पृथ्वी तापवतं, शंभर वर्षांच्या हिशेबाने. स्कॉटलंडने २०२३ मध्ये ते आपल्या सरकारी रुग्णालयांतून काढलं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून वैद्यकीय निकड असेल तरच वापरा असा नियम केला. सेव्होफ्लुरेन त्यामानाने सौम्य, पण वाया घालवायला तेही फुकट नाही.

असो. रुग्णालयाच्या काउंटरवर जाऊन विचारलं, "फ्लो किती होता?" तो म्हणाला, "थर्ड फ्लोअर, काका."

भुलीच्या नोंदपत्रकात फ्लो लिहिलेला असायला हवा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. परवा संध्याकाळी लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. उद्या संध्याकाळी मुदत संपते.