फुकट वेगळे, मुक्त वेगळे
(द्वितीय वर्ष, कला)

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो. संगणकावरील जुन्या खेळांच्या बाबतीत मात्र थट्टेचा नियमच होऊन बसला आहे. एका पेनड्राइव्हमधून दुसऱ्यात शेदोनशे खेळ जातात आणि सगळ्यांवर एकच चिठ्ठी असते : ‘फ्री गेम्स’. माझा आक्षेप खेळांना नाही, या चिठ्ठीला आहे.

‘फ्री’ या शब्दात निदान चार निराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. फ्रीवेअर म्हणजे फुकट खेळू दिलेला, पण हक्क निर्मात्याकडेच राहिलेला खेळ. शेअरवेअर म्हणजे नमुन्याचा भाग फुकट, पुढचा विकत. मुक्त परवान्याचा खेळ बदलण्याचीही मुभा असते, मात्र परवान्याच्या अटी पाळून. आणि पब्लिक डोमेन म्हणजे ज्यावर कोणाचाच स्वामित्वहक्क उरलेला नाही असा.

‘डूम’ हा खेळ पाहा. १९९३ साली तो शेअरवेअर म्हणून आला. १९९७ मध्ये त्याची मूळ आज्ञावली प्रसिद्ध झाली आणि १९९९ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली. पण चित्रे, आवाज आणि नकाशे यांवरचा हक्क सुटला नाही. एकाच खेळाला दोन चिठ्ठ्या हव्यात! ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा खेळ २००३ मध्ये फुकट झाला. पण खेळाची किंमत लावू नये आणि हक्काची सूचना काढू नये, अशा अटींवर. त्यावर ‘पब्लिक डोमेन’ लिहिणे म्हणजे दात्याच्या औदार्याचा गैरफायदा घेणे होय.

कोणी म्हणेल, इतके जुने खेळ आपोआप मुक्त झाले असतील. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क टिकतो आणि संगणकाची आज्ञावली कायद्याने वाङ्मयातच मोडते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ रोजी सर्वांची झाली. खेळ रचणारे बहुतेक लोक तर अजून हयात आहेत. निर्माता जाहीर सूचना देऊन हक्क सोडू शकतो; पण ते त्याने करायचे, चिठ्ठी लावणाऱ्याने नव्हे.

‘नवापुरात कोण तपासायला येतो?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न पोलिसांचा नाहीच. आपल्या रेल्वेस्थानकावरचा बाक निम्मा महाराष्ट्रात, निम्मा गुजरातेत आहे. बसायचे पैसे कोणी मागत नाही, म्हणून सीमा पुसली जात नाही; आणि ती रंगवून लिहिली आहे म्हणून कोणाचा खोळंबाही होत नाही. चिठ्ठीचे काम एवढेच.

माझ्या घरी मावची बोलतात. एखाद्या जुन्या खेळातील शब्द मावचीत आणावेत, गावातील मुलांना ते वाचून खेळता यावे, असे मला फार वाटते. फ्रीवेअर खेळात बहुधा हे करता येणार नाही. मुक्त परवान्याच्या किंवा पब्लिक डोमेनमधल्या खेळात बिनदिक्कत करता येईल. सगळ्यांवर ‘फ्री’ लिहिले, तर जे खरोखर आपले आहे तेही आपल्याला ओळखू येत नाही. शहरातला मुलगा घरी कोणाला तरी विचारील. ज्यांच्या घरात संगणकासमोर बसणारे आपणच पहिले, त्यांना विचारायला ती चिठ्ठीच असते. ती खोटे बोलली, तर आपण जन्मभर फुकट खेळणारेच राहू. घडवणारे होणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयात असा संग्रह कोणी केला, तर प्रत्येक खेळापुढे चार गोष्टी लिहाव्यात : निर्माता, वर्ष, परवानगीचा प्रकार आणि ती परवानगी कोठे लिहिलेली आहे. खेळासोबत आलेली ‘रीड मी’ फाइल जागा वाचवण्यासाठी पुसू नये. कितीदा तरी तोच एकमेव पुरावा असतो. आणि माहिती नसेल तेथे सरळ ‘माहीत नाही’ असे लिहावे. ग्रंथपाल पुस्तकाची नोंद करताना लेखकाचे नाव अंदाजाने घालत नाहीत. मग खेळ रचणाऱ्याच्या वाट्यालाच हा अंदाज का यावा?