घरातला लिंबूटिंबू

'लिंबूटिंबू' हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. लगोरी किंवा पकडापकडी ऐन रंगात आली असता एखादे चार-पाच वर्षांचे पोर मधेच येऊन 'मलाही घ्या' असा हट्ट धरते. घ्यावे तर खेळ बिघडतो, न घ्यावे तर ते भोकाड पसरते. मग मोठी मुले त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. ते बाद झाले तरी बाद नाही, आणि जिंकले तरी जिंकलेले नाही. मैदानावर याला कदाचित इलाज नसेल. तेथे पायांच्या लांबीचा प्रश्न असतो. परंतु सोंगट्या, सापशिडी, पत्ते अशा घरातल्या बैठ्या खेळांत लिंबूटिंबू मुळीच असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत तुमच्यापुढे मांडण्यास कारण आहे. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहाड आणि टिटवाळा यांच्यामध्ये आंबिवली हे स्थानक आहे. तेथील कितीतरी घरांतील आई किंवा वडील सकाळीच लोकलगाडी पकडून मुंबईकडे कामाला जातात आणि दिवेलागण उलटल्यावर परततात. त्या गाडीत कोणी चौघे समोरासमोर बसून मांडीवरच्या बॅगेवर पत्त्यांचा डाव टाकतात, आणि दिवसभराचा शीण विसरतात. इकडे घरी मात्र संध्याकाळी धाकट्या भावंडांना खेळवण्याचे काम अकरा-बारा वर्षांच्या ताईकडे किंवा दादाकडे येते. धाकट्याला कसे खेळवावे, हा प्रश्न म्हणून आईवडिलांइतकाच तुमचाही आहे.

पुष्कळ मोठी माणसे यावर एक सोपा उपाय योजतात. ती मुद्दाम हरतात. हातातले हुकमाचे पान दडवतात, सोंगटी दोन घरे कमी चालवतात, आणि 'अरेच्या, हरलो की!' म्हणून कपाळावर हात मारतात. हेतू प्रेमाचा असतो, हे मला मान्य आहे. परंतु मुले आपण समजतो तितकी भोळी नसतात. एके दिवशी ती चोरी त्यांच्या ध्यानात येते, आणि मग त्या दिवसापर्यंत मिळवलेले सारे विजय फोल ठरतात. मुद्दाम हरणे म्हणजे त्या मुलाला त्याच्या नकळत लिंबूटिंबू करणेच होय.

मग काय, पाच वर्षांच्या मुलाला प्रत्येक डावात चीत करावे? तसेही नाही. सवलत अवश्य द्यावी. पण ती उघडपणे, डाव सुरू होण्यापूर्वी द्यावी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पॉल मॉर्फी नावाचा थोर बुद्धिबळपटू होऊन गेला. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी खेळताना तो आपला घोडा किंवा हत्ती पटावरून आधीच काढून ठेवीत असे. त्यानंतर मात्र तो सारी शक्ती लावून खेळे. तुम्हीही वजीर बाजूला ठेवून धाकट्या बहिणीशी खेळून पाहा. ती जिंकली तर खरोखर जिंकेल; आणि महिन्याभराने तीच म्हणेल, 'आता वजीर ठेव, दादा.'

सापशिडीत तर सवलतीचीही गरज नाही. फासा कोणाचे वय विचारीत नाही. शंभर घरांच्या त्या पटावर आजोबांना नव्याण्णवाच्या आसपासचा साप गिळतो आणि नात शिडीने वर जाते. आपल्याकडे या खेळाच्या जुन्या पटास मोक्षपट म्हणत, आणि परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. सारीपाट त्याहूनही जुना आहे. वेरूळच्या लेण्यांत शंकर आणि पार्वती सारीपाट खेळत बसलेली कोरली आहेत. जेजुरीच्या खंडोबाच्या लोककथांतही देव म्हाळसेशी सारीपाट खेळतो आणि चक्क हरतो! देवांनाही घरात हरणे चुकलेले नाही.

तथापि मला विचाराल, तर लहान मुलांसाठी बदामसात या खेळाची सर कशालाच नाही. बावन्न पाने वाटायची. ज्याच्याकडे बदामाची सत्ती असेल त्याने ती मांडायची. मग प्रत्येक रंगाच्या सत्तीच्या वर अठ्ठी, नव्वी, दश्शी अशी राजापर्यंत, आणि खाली छक्की, पंजी अशी एक्क्यापर्यंत रांग लावत जायची. आकड्यांची चढउतार मुलाच्या अंगवळणी पडते, आणि कोणी पाढे घोकवीत नाही. चौघांत वाटलेली तेरा पाने इवल्याशा मुठीत मावत नाहीत, हे खरे. त्यासाठी एक पुस्तक उभे करून त्याच्या आड पाने मांडून द्यावीत, म्हणजे इतरांना ती दिसत नाहीत. पहिले काही दिवस मूल हाती आलेले पान घाईने टाकून देते. पुढे कधीतरी त्याला उमगते की किलवरची अठ्ठी आपण रोखून धरली, तर नव्वीपासून राजापर्यंतची सारी पाने अडकतात! मग बाबा तीनतीनदा 'पास' म्हणतात, आणि पुस्तकाआडून खुदकन हसू ऐकू येते. त्या क्षणी ते मूल घरातल्या इतरांच्या बरोबरीचे झालेले असते.

'पत्ते कुटणे' म्हणून काही वडीलधारी माणसे नाक मुरडतात आणि धर्मराजाच्या द्यूताचा दाखला देतात. परंतु त्या द्यूतात घात झाला तो पणाने. पैशाचा पण लागला की तो जुगार झाला, आणि जुगार घरात नकोच.

आता भ्रमणध्वनीवरही सोंगट्या खेळता येतात. तेथे फासा यंत्र टाकते, घरे यंत्रच मोजते, आणि वाद घालण्यास जागाच उरत नाही. मला हे उणे वाटते. सतरंजीच्या घडीत फासा कलता पडला तर तो धरायचा की पुन्हा टाकायचा, यावर घरातल्या न्यायालयात जी कडाक्याची भांडणे होतात, त्यांत पाच वर्षांच्या मुलालाही आपली बाजू मांडावी लागते.

एकाच घरात खरेपणाने खेळल्याने काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यानंतर १९८३ पर्यंत हे पद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन सख्ख्या बहिणींच्या घराबाहेर गेले नाही. एकट्या रोहिणींनी ते पाच वेळा मिळवले. १९७६ साली, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरल्या. एका बहिणीच्या गळ्यात माळ पडे, तेव्हा इतर दोघींना ती पाहावी लागे. त्या घरात लिंबूटिंबूला जागा नसणार, हे सांगायला नकोच.

२०२० च्या मार्च महिन्यात लोकलगाड्या सर्वसामान्य प्रवाशांसाठी थांबल्या, तेव्हा रोज उशिरा परतणारे आईवडील दिवसचे दिवस घरी राहिले, आणि अनेक घरांतल्या माळ्यांवरून पट खाली आले. गाड्या पुन्हा धावू लागल्यावर कित्येक पट परत माळ्यावर गेले. ते पावसाळ्यापुरते तरी खाली काढावेत. बाहेर पाऊस कोसळत असेल, वीज गेली असेल, तर मेणबत्तीच्या उजेडात बदामसात फार चांगला रंगतो. धाकट्याला पाने आधी लावून द्या. आणि हरल्यावर डोळे पुसत तो 'आणखी एक डाव' म्हणाला, तर निजण्याची वेळ टळून गेली असली तरी पाने पिसायला घ्या.