आजीला वाचता येणारी चित्रे

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाची सहल सांगलीहून सातारा जिल्ह्यातील औंधला गेली होती. यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेत श्री भवानी वस्तुसंग्रहालय लागते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर अशा नामवंतांची चित्रे तेथे आहेत. पुराणातली माणसे, अंगावर दागिने, वस्त्रांची चुणी न् चुणी खरी वाटावी अशी. आमच्यातला एकजण म्हणाला, "ही तर किराणा दुकानातली कॅलेंडरे!" सगळे हसले. मीही हसले. आपण नव्या विचारांच्या आहोत, हे दाखवण्याची संधी मी सोडली नाही. त्या हसण्याबद्दलच आज लिहावेसे वाटते.

ज्या चित्रांना आम्ही हसलो, ती काढण्याची रीत मुळात युरोपातील अकादमींची. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसवलेल्या माणसावरून अभ्यास; शरीराची ठेवण आणि छायाप्रकाश हाताखालून गेल्यावरच पुराणातला वा इतिहासातला प्रसंग रंगवायचा. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील विल्यम बूगरो (१८२५–१९०५) हा या रीतीचा मोठा मानकरी होता. हयातीत त्याला कीर्ती आणि पैसा दोन्ही मिळाले. पुढे नव्या चित्रकलेची लाट आली आणि त्याचे नाव चेष्टेचा विषय झाले. १९८४ साली पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा रसिकांना त्याच्याकडे पुन्हा वळून पाहावे लागले. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेतून हीच शिस्त आपल्याकडे आली. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) तेथेच शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले.

बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतःही याच वळणाची चित्रे काढीत. राजा, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचा प्रचारक आणि चित्रकार असा हा माणूस. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ साली मुंबईत छापले गेले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी म्हणून त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि तिच्यासाठी चित्रेही काढली. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांच्या नावापुढे 'बी. ए.' ही अक्षरे आहेत. संस्थानचा धनी असूनही या माणसाला पदवीची दोन अक्षरे मोलाची वाटली, हे वाचून मला फार बरे वाटले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

'चित्ररामायणा'ची इंग्रजी आवृत्ती मी सुट्टीत घरी नेली होती. माझे गाव आटपाडी तालुक्यात. आटपाडी हा पूर्वी औंध संस्थानचाच भाग होता. आता तो सांगली जिल्ह्यात आहे. माझी आजी शाळेत कधी गेली नाही. मी पुस्तक उघडून बसले होते, चित्राबरोबरचा इंग्रजी मजकूर लावीत होते, एका शब्दावर अडले होते. आजी शेजारी येऊन बसली आणि चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो भरत. रामाच्या पादुका मागतोय." मग थोडी थांबून म्हणाली, "आयतं राज्य मिळत असताना पादुका कोण मागतं, पोरी?"

माझा शब्द तसाच राहिला. पुढची पाने आजीच उलटत गेली आणि मी ऐकत गेले. आमच्या दोघींपैकी त्या दिवशी अडाणी कोण होते, हे सांगायला नको.

याचा अर्थ बाळासाहेबांची चित्रे निर्दोष आहेत असे नाही. धुरंधरांच्या रेषेतला सहजपणा त्यांच्याकडे नाही. त्यांची माणसे कधी कधी नाटकातल्या पात्रांसारखी उभी राहतात. हे दोष जरूर दाखवावेत. पण आम्ही हसलो ते दोष दिसले म्हणून नव्हे. ही चित्रे आपल्या घरच्या माणसांना कळतात, म्हणून ती हलकी, असे आम्ही मनोमन धरून चाललो होतो. न कळणारे ते श्रेष्ठ, हा नियम आम्हाला कोणत्या प्राध्यापकांनी शिकवला नव्हता. तो आमच्याच न्यूनगंडातून आला होता.

त्याच संग्रहालयात हेन्री मूर या आधुनिक शिल्पकाराचे 'माता व बालक' हे दगडी शिल्पही आहे. ते मला पहिल्या भेटीत कळले नाही. पुन्हा पाहीन, तेव्हा कदाचित कळेल. रविवर्मा आणि मूर एका छपराखाली सुखाने नांदतात. भांडण लावतो ते आपण.

शिक्षणाने आपल्याला नवी चित्रे पाहण्याची दृष्टी द्यावी, अशी माझीही इच्छा आहे. पण तिच्या बदल्यात आजीची दृष्टी गहाण पडत असेल, तर तो व्यवहार तोट्याचा आहे.

म्हणून सहल समितीला एक सूचना करते. पुढच्या वेळी औंधला जाताना प्रत्येक विद्यार्थ्याने घरातले एक वडीलधारे माणूस बरोबर आणावे. गाडीभाडे आम्ही वर्गणीतून भरू. संग्रहालयात त्यांना पुढे जाऊ द्यावे आणि आपण मागून चालावे. निदान एक दिवस तरी आपण ऐकावे.

– द्वितीय वर्ष, कला