फुकट ते पौष्टिक?

'न्यूरल नेटवर्क' हा शब्द आपल्या हॉस्टेलमध्ये आजकाल चहाइतका चालतो. पण खरा न्यूरॉन कसा काम करतो असं कुणी विचारलं की सगळे गप्प! सिलॅबसमध्ये तो नाही, जाडजूड पुस्तकं परवडत नाहीत. मग उरतं नेटवरचं फुकट मटेरियल.

त्याची कमतरता नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने (आपली कोथरूडची नव्हे!) २००१ मध्ये आपल्या कोर्सेसचं साहित्य जगाला मोफत द्यायचं जाहीर केलं. २००३ पासून आपल्याकडे आयआयटी आणि आयआयएससीचं एनपीटीईएल आहे. म्हणजे आता अडचण मिळण्याची नाही, निवडण्याची आहे. आणि आपण निवडतो कसं? युनिव्हर्सिटीचं नाव बघून! सगळे व्हिडिओ डाउनलोड करायचे, दोन बघायचे, बाकीचे पेन ड्राइव्हमध्ये पडून. अशा कोर्सला पैसे लागत नाहीत, पण रात्री लागतात. म्हणून तो पारखूनच घ्यावा, असं माझं मत आहे.

पहिली कसोटी म्हणजे, कोर्स आपल्याला काही करायला लावतो का? एमआयटीच्या नॅन्सी कॅनविशर यांची मानवी मेंदूवरची २०१९ ची लेक्चर्स ऐकत राहावीत अशी आहेत. पण ऐकताना 'समजलं' वाटणं वेगळं आणि समजणं वेगळं. तिथल्याच मिकेल फी यांच्या २०१८ च्या कोर्समध्ये न्यूरॉनचं सर्किट मांडलंय. पेशीचं आवरण म्हणजे कपॅसिटर, आयन चॅनल म्हणजे रेझिस्टर आणि जोडीला बॅटरी. आपलं नेटवर्क अ‍ॅनालिसिसच की हे! शिवाय मॅटलॅबवर सोडवायचे प्रॉब्लेम्स. २०२० मध्ये सुरू झालेल्या न्यूरोमॅच अकॅडमीचे धडे तर ब्राउझरमध्येच पायथनवर चालतात, आणि अडलात तर उत्तरही तिथेच असतं.

दुसरी कसोटी तारखेची. मेंदूत १०० अब्ज न्यूरॉन्स आणि त्यांच्या दहापट ग्लिया पेशी, असं नोट्समध्ये दिसलं तर सावध व्हा. २००९ च्या मोजणीत न्यूरॉन्स सुमारे ८६ अब्ज आणि इतर पेशीही साधारण तेवढ्याच निघाल्या. अर्थात जुनं ते सगळं टाकाऊ नाही. हॉजकिन आणि हक्सली यांची १९५२ ची समीकरणं आजही शिकवतात.

तिसरी कसोटी, तो आपल्या पायरीचा आहे का? फी यांच्या कोर्सला डिफरन्शियल इक्वेशन्स लागतात. दहावीनंतर बायोलॉजीला रामराम ठोकलेल्यांनी आधी टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टनमधल्या मेडिकल स्कूलचं मोफत ऑनलाइन पुस्तक वाचावं. त्यात स्वतःला तपासायचे प्रश्नही आहेत.

चौथी कसोटी भाषेची. मी कॉन्व्हेंटमधली, मला लेक्चरचं इंग्रजी अडत नाही. माझी रूममेट मराठी मीडियमची. गणितात ती माझ्या कितीतरी पुढे, पण व्हिडिओतल्या अ‍ॅक्सेंटपाशी अडते. तिला लिखित नोट्स असलेला कोर्सच उपयोगी. यावर उपायही आहे. एमआयटीच्या या साहित्याचं लायसन्स भाषांतराला परवानगी देतं. अटी एवढ्याच की मूळ श्रेय द्यायचं, धंदा करायचा नाही आणि आपलं भाषांतरही त्याच अटींवर खुलं ठेवायचं. मग दर वर्षी एका कोर्सच्या मराठी नोट्स आपल्या लायब्ररीत का नसाव्यात?

सरांना आणि मॅडमना एक विनंती. ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट फाइलला लावलं की आमचं काम होतं, आणि तिथेच घोटाळा आहे. सर्टिफिकेट मागू नका, सोडवलेला प्रॉब्लेम सेट मागा आणि त्यावर ओरल घ्या. त्याला टर्म वर्कमध्ये दोन-चार मार्क मिळाले तरी मुलं कोर्स निवडताना आपोआप नावाऐवजी आत काय आहे ते बघतील.

फुकट ते पौष्टिक असेलही, पण चावून खाल्लं तरच अंगी लागतं!