उपेक्षा कोणाची, अपराधी कोण?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याचे ७५ वे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी वाचावे. बालक ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात वा नियंत्रणाखाली आहे त्याने बालकास मारहाण केली, त्याचा त्याग केला, छळ केला किंवा हेतुपुरस्सर उपेक्षा केली, आणि त्यामुळे बालकास अनावश्यक यातना होण्याचा संभव असला, तर ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. २००० च्या कायद्यात ही शिक्षा ६ महिन्यांची होती. ती वाढली, हे योग्यच झाले. परंतु ‘उपेक्षा’ म्हणजे काय, हे अधिनियमाच्या व्याख्यांत कोठेही सांगितलेले नाही.

व्याख्या नसली की ती परिस्थिती करते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे कुटुंब पाहा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल फेडण्यासाठी दोघेही पहाटेपासून फडात. तान्हे मूल बांधावर, त्याच्याजवळ सहा-सात वर्षांची बहीण, आणि तिची शाळा गावी राहिलेली. कलम शब्दशः लावले, तर कोणाकडे बोट जाते? फडात वाकलेल्या आईकडे. कारण मूल ‘प्रत्यक्ष ताब्यात’ तिच्याच आहे. ते कारखान्याच्या ताब्यात नाही, मुकादमाच्या नाही, शासनाच्या तर नाहीच. ऊस सर्वांचा, मूल तेवढे आईचे!

यावर कायदेपंडित त्याच कलमातील परंतुक दाखवतील. जन्मदात्यांनी आपल्या आवाक्याबाहेरील परिस्थितीमुळे मुलाचा त्याग केला, तर तो हेतुपुरस्सर मानला जाणार नाही. सवलत मानवी आहे, हे मान्य. पण ती त्यागापुरतीच आहे. आणि प्रश्न येथेच सुरू होतो, संपत नाही. परिस्थितीने आईला निर्दोष ठरवले. मग त्या परिस्थितीचा कर्ता कोण? याविषयी कलम मौन धारण करते.

दुसरीकडे, २०१६ च्या दुरुस्तीने बालकामगार कायद्यात १४ वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत बंदी केली. आणि लगेच, काम धोकादायक नसेल तर शाळेनंतर व सुट्टीत ‘कौटुंबिक उद्योगा’ला मदत करण्याची मुभा दिली. कुटुंबात काका, मामा, आत्या, मावशी हेही धरले. अंगमेहनतीच्या तुकड्यावर मजुरी मिळते तेथे मुलाची ‘मदत’ ही मजुरीचीच भर असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. घरात केलेले श्रम म्हणजे संस्कार आणि कारखान्यात केलेले श्रम म्हणजे शोषण, हा भेद मालकाच्या सोयीचा आहे.

राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदाने बालकांना निकोप व सन्मानपूर्वक वाढीची संधी देण्याचे धोरण राज्यावर सोपवले. परंतु ३७ व्या अनुच्छेदानुसार त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. म्हणजे गरीब आईची उपेक्षा दंडनीय आणि राज्याची उपेक्षा केवळ खेदजनक!

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. उपेक्षेची व्याख्या कायद्यात करा आणि तिच्यात, ज्याच्या कामासाठी कुटुंब स्थलांतर करते त्या कारखान्याचे व शासनाचे दायित्व नमूद करा. तळावर पाळणाघर व शाळा नसेल, तर तो कारखान्याचा अपराध मानला जावा. गळिताचा पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील तळांवर जाऊन मुले मोजावीत. ज्यांची मोजदादच झालेली नाही, त्यांची उपेक्षा कोणत्या न्यायालयात सिद्ध होणार?