यजमानपदाचा हिशेब

अहमदाबादला २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या आणि यजमानपदाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. म्हणून या अंकात आम्ही पदकतालिकेऐवजी आयोजनाकडे पाहिले आहे. आमच्या मते स्पर्धेचे नियोजन समारोपाच्या दुसऱ्या दिवसाचा विचार करून सुरू व्हावे. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलातच २००८मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या आणि २०१९मध्ये खेलो इंडियाही. लहान राज्याला असा खर्च झेपेल का, ही शंका रास्तच. पण २०२३च्या राष्ट्रीय स्पर्धांत गोव्याने सायकलिंग आणि गोल्फ दिल्लीत घेतले. सगळे आपल्याच अंगणात हवे हा हट्ट सोडणे आम्हाला भव्य उद्घाटनाहून मोलाचे वाटते. तुमच्या तालुक्याच्या क्रीडासंकुलात सराव चालतो की कुलूप आहे, हे आम्हाला जरूर कळवा.